पात्राला आधी हातचं काम द्या, तलवार नंतर

दिवसा मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते आणि रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवते. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. गोष्ट आणि बाकीचं जग सांभाळणारी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, मीच. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला हा खेळ आज सोलापुरात दाजी पेठेतल्या एका घरात, शेंगाचटणी आणि कडक भाकरीची ताटं बाजूला सारून खेळला जातो, याचं मला मनापासून कौतुक आहे. नवा खेळाडू आला की बहुतेक वेळा आपल्या पात्राच्या पूर्वायुष्याची दोन-तीन पानं लिहून आणतो. जळालेलं गाव, मारलेले आईबाप, लपवून ठेवलेला राजवंश. मेहनत खरी असते. पण संध्याकाळी निघताना त्याच्या पात्राचं नावही कुणाला आठवत नाही, आणि त्याला वाईट वाटतं. हे टाळता येतं.

माझी कसोटी एकच आहे. तुम्ही एखाद्या रविवारी आला नाहीत, तर बाकीचे तुमच्या पात्राची आठवण काढतात का? "आत्ता ती असती तर..." असं कुणी म्हणालं, की पात्र जमलं.

सुरुवात हाताच्या कामापासून करा. योद्धा, चोर, जादूगार हे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार झाले, ते नियमांच्या पुस्तकात सगळ्यांसाठी सारखेच आहेत. हे सगळं व्हायच्या आधी हा माणूस पोटासाठी काय करायचा, ते ठरवा. आमच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, माग बिघडला की लगेच पाना उचलत नाही. आधी चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात टेकवून नुसता उभा राहतो. आजूबाजूला इतका खडखडाट असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण त्याला हातातून कळतं की धोटा कुठल्या बाजूला अडतोय. आमच्या टेबलावरच्या एका मुलीनं हे पाहिलं होतं, कारण तिच्या घरी खालच्या मजल्यावर मागच आहेत. तिनं नागम्मा नावाची योद्धा केली, जॉबरची मुलगी. नागम्मा कुठल्याही भुयारात शिरली की आधी भिंतीला तळहात लावते. बस, एवढंच. पलीकडे काही हलतंय का, पाणी वाहतंय का, यंत्र फिरतंय का.

नियमांच्या दृष्टीनं तो साधा परसेप्शनचा रोल आहे, म्हणजे पात्राच्या काही लक्षात येतं का हे फासा टाकून बघणं, तो कुणीही करू शकतं. पण दोन-चार वेळा तिनं तसं केलं आणि मग बाकीचेच म्हणायला लागले, "ए नागम्मा, हात लाव की बे भिंतीला." पात्राची सवय दुसऱ्यांच्या तोंडी आली. यासाठी तिला बॅकस्टोरीचं एक पानही वाचून दाखवावं लागलं नाही. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विणकराची अवजारं यादीत आहेत, किंमत सोन्याचं एक नाणं. ती विकत घ्या किंवा गिल्ड आर्टिझन, म्हणजे संघातला कारागीर, ही पार्श्वभूमी निवडा आणि त्यातून घ्या. तलवारीशेजारी शीटवर, म्हणजे पात्राची माहिती भरायच्या कागदावर, ती लिहिलेली दिसली की डीएमला आपोआप सुचत जातं.

आता आकडे. ताकद, बुद्धी अशा पात्राच्या सहा गुणांना एकेक आकडा द्यायचा असतो; तयार संच वापरलात तर १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे सहा आकडे मिळतात. सगळे जण पंधरा कुठे टाकायचे यावर डोकं लावतात. मी म्हणते, आठ कुठे टाकता त्यावर जास्त वेळ द्या. आठ म्हणजे फाशावर फक्त उणे एक. वीस बाजूंच्या फाशावर एवढ्यानं फार काही बिघडत नाही, त्यामुळे बुद्धी आठ आहे म्हणून पात्राला येडं करून ठेवायची काहीच गरज नाही. तसं केलं की पहिला तासभर सगळे हसतात आणि पुढे त्या पात्राशी कुणी गंभीरपणे बोलतच नाही. त्यापेक्षा हा एक कमी म्हणजे नेमकं काय जमत नाही, ते ठरवा. नागम्माला हिशेब जमत नाही. बाकी ती हुशार आहे. दोन आकड्यांच्या पुढची बेरीज आली की समोरचा म्हणेल तो आकडा ती खरा धरते.

मग तिला काय हवंय ते ठरवा, आणि ते जवळचं ठेवा. सूड, सिंहासन, जगाचा उद्धार या गोष्टी इतक्या लांबच्या असतात की आजच्या दुपारी त्यासाठी काही करताच येत नाही. नागम्मानं एका व्यापाऱ्याकडून उचल घेतलीय आणि ती फेडेपर्यंत ती त्याच्याशी बांधलेली आहे. उचल म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशी इच्छा असली की प्रत्येक दुपारी तिचा उपयोग होतो. खजिना सापडला, उचलीचं काय? शहरात आलो, व्यापाऱ्याचा माणूस भेटेल का? डीएमच्या हातात तुम्ही आयतं बाहुलं देता.

२०१४ च्या पुस्तकात स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष अशा चार ओळी भरायला सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पटकन उरका. बंध आणि दोष मात्र असे लिहा की दुसऱ्या खेळाडूला त्यांना हात घालता येईल. "भित्रा आहे" हा दोष तुमच्यापुरताच राहतो. "कुणी उधार मागितलं की नाही म्हणता येत नाही" यात पूर्ण टेबलाला जागा आहे. गुपिताचंही तेच. कुणालाच माहीत नसलेलं गुपित बहुतेक वेळा शीटवरच राहतं. खेळ सुरू व्हायच्या आधीच अर्धं गुपित टेबलावरच्या एकाला सांगून ठेवा, आणि तो कोण हे विचार करून निवडा.

हे सगळं एकत्र आलं की काय होतं, ते सांगते. एका मुक्कामाला, शेकोटीपाशी, नागम्मानं आमच्या जादूगाराला सहज विचारलं, "माझं किती राहिलं असंल ओ पंडित?" जादूगाराची बुद्धी पंधरा. त्यानं विचारायला सुरुवात केली. किती घेतले होते, दर महिन्याला किती दिले, कधीपासून. हा खेळाडू सोलापूरच्या पूर्वभागातलाच, घरी तेलुगू बोलणारा, त्याच्या घरानंही उचली पाहिलेल्या. त्यानं खरोखर कागद घेतला, बेरीज केली, आणि म्हणाला, "नागम्मा, हे तर मागच्याच वर्षी फिटलंय." मी यातलं काहीही आखलं नव्हतं. उरलेली मोहीम सोडून सगळे त्या व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि पुढचे कितीतरी रविवार त्यातच गेले. आठचा आकडा, उचल आणि पंडित, तिन्ही एकमेकांत अडकवलेले होते म्हणून हे घडलं.

बोलण्याबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच गल्लीत कानावर पडतं. म्हणून पात्राला कुणाचा तरी हेल देऊन हशा मिळवायचा मोह होतो. करू नका. समोर बसलेल्याची आई तशीच बोलते. पात्राचा आवाज हवा असेल तर ते कुणाला तू म्हणतं, कुणाला तुम्ही, कुणाला अण्णा आणि कुणाला अव्वा, एवढं शीटच्या मागे लिहून ठेवा. नागम्मा पंडिताला कायम तुम्ही म्हणायची. त्या हिशेबानंतरच्या लढाईत तो पडला तेव्हा ती ओरडली, "ऊठ, तू ऊठ आधी!" तो बदल टेबलावर प्रत्येकाच्या लक्षात आला. इंग्रजीत खेळणाऱ्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे, तर वापरा.

डीएम असाल तर गावातल्या फुटकळ माणसांसाठी इतकं सगळं लागत नाही. एक इच्छा आणि हाताला एक काम पुरतं. आमच्या भागात बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसतात. गप्पा चालू असतात, नजर रस्त्यावर असते, हात खाली न बघता चालत राहतात. माझ्या खेळातली एक म्हातारी तशीच आहे. पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, काहीही विचारलं तरी तिचा हात चालूच असतो. राजवाड्याबद्दल विचारलं तेव्हा मी फक्त म्हणाले, "तिचा हात थांबला." ती काहीतरी लपवतेय हे कळायला रोलसुद्धा लागला नाही.

पात्र तयार आहे की नाही, हे बघायला मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते. तो इथल्याच इतिहासातून घेतलाय. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरातून पोलीस निघून गेले, काही दिवस स्वयंसेवकांनीच शहर सांभाळलं आणि मग मार्शल लॉ लागला. तर समजा, तुमच्या पात्राच्या शहरातले शिपाई रात्रीत निघून गेले. सकाळी ते पहिल्यांदा कुठे जाईल? दुकान उघडेल, चौकात जाऊन गाड्या थांबवेल, की आधी कुणाच्या तरी घराची कडी वाजवेल? लगेच उत्तर आलं तर पात्र तयार आहे. अडखळलात तर हातचं काम आणि इच्छा, या दोन्हींकडे परत जा.

पेनानं लिहू नका, पेन्सिल वापरा. तीन-चार रविवार खेळून झाले की शीट काढा आणि टेबलावर एकदाही न आलेली ओळ खोडा. त्या जागी बाकीच्यांनी तुमच्या पात्राबद्दल जे म्हटलं ते लिहा. नागम्माच्या शीटवर "जन्मगाव" खोडलेलं आहे आणि तिथे पंडिताच्या अक्षरात लिहिलंय, "भिंतीला विचारून आत जाते."