जुना वॉकमन, रेकॉर्डर वापरताय? या चुका टाळा

माळ्यावरच्या खोक्यातून वॉकमन निघाला की लगेच सेल घालून आवडती कॅसेट लावून बघायचा मोह होतो. सगळ्यात जास्त नुकसान त्या पाच मिनिटांत होतं. यंत्र दुरुस्त होतं, नाहीच झालं तर दुसरं मिळतं. आजोबांच्या कीर्तनाची घरी भरलेली कॅसेट मात्र दुसरी मिळत नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी सेलचा कप्पा, मग बेल्ट (मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा), मग रोलर आणि हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग), मग एखादी टाकाऊ कॅसेट. जपायची कॅसेट सगळ्यात शेवटी.

‘मोटर फिरते’ या शब्दावर खरेदी

सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला आणि २०१० मध्ये कंपनीने तिथली कॅसेट वॉकमनची विक्री थांबवली. म्हणजे आज हाती येणारे बहुतेक नग तीस-चाळीस वर्षांचे असतात. बेल्टच्या रबराला एवढं आयुष्य नसतं. मोटर फिरते म्हणजे एवढंच, की मोटर जळलेली नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेणार असाल तर दोन ताजे सेल, एक टाकाऊ कॅसेट आणि हेडफोन सोबत न्या. ऑनलाइन घेताना सेलच्या कप्प्याचा जवळून काढलेला फोटो आणि कॅसेट वाजतानाचा व्हिडिओ मागा. त्यात प्ले, फॉरवर्ड, रिवाइंड तिन्ही दिसली पाहिजेत आणि आवाज दोन्ही कानांत येतो का हे विचारलं पाहिजे. ‘फक्त सेल घालायचे बाकी आहेत’ असं लिहिलेला नग बिघडलेला समजूनच किंमत ठरवा.

पहिलाच वॉकमन घेत असाल तर ऑटो-रिव्हर्सचा, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारा, घेऊ नका. त्यात कॅपस्टन (फीत पुढे नेणारा बारीक फिरता दांडा) दोन, पिंच रोलर (फीत त्या दांड्यावर दाबून धरणारं रबरी चाक) दोन आणि हेडची जुळणी दोन्ही दिशांना वेगवेगळी. बिघडायच्या जागा दुप्पट होतात. सोनीच्या डब्ल्यूएम-डीडी मालिकेचं नाव मोठं आहे, पण तिच्यात मधला प्लास्टिकचा गिअर तडकतो. प्ले करताना ठराविक अंतराने टक-टक ऐकू आली की तो गेला. नवा गिअर मिळेपर्यंत तो वॉकमन वापरात येत नाही, हे धरूनच पैसे मोजा.

सेल आणि अ‍ॅडॉप्टर

कप्प्यात पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली की लोक ती चाकूने खरवडतात. त्यात स्प्रिंगवरचा मुलामा जातो आणि गंज दुपटीने वाढतो. आधी कोणता सेल फुटला ते बघा. अल्कलाइन सेलमधून निघतो तो अल्क असतो, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. आपल्याकडे भिंतीच्या घड्याळात घालतात ते साधे झिंक-कार्बन सेल फुटले तर गळती आम्लधर्मी असते, त्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी. कापसाची काडी जेमतेम ओली करून पुसा, मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. कप्प्यापासून निघणारी तार आतून काळी पडली असेल तर तिला सोल्डरचा डाग धरत नाही. ती बदलावी लागते.

चार्ज होणारे १.२ व्होल्टचे निकेल सेल बहुतेक वॉकमनना चालतात, फक्त बॅटरीचा दिवा लवकर मंद होतो. यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल घातले आणि हेडफोनमध्ये बारीक शिट्टी ऐकू आली, तर दोष वॉकमनचा नसतो. त्या सेलच्या आतल्या सर्किटचा तो आवाज असतो. पेन्सिल सेलच्याच मापाचे १४५०० नावाचे ३.७ व्होल्टचे सेल मात्र चुकूनही घालू नका. दोन मिळून ७.४ व्होल्ट होतात, आणि सर्किट ३ व्होल्टचं असतं.

बाजारातल्या जुन्या पद्धतीच्या बहु-व्होल्टेज अ‍ॅडॉप्टरवर ‘३ व्होल्ट’ लिहिलेलं असतं, पण भार नसताना त्यातले बरेच ५-६ व्होल्ट देतात. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय पिन लावू नका. पिनच्या मधला भाग धन की ऋण, हे वॉकमनवरच्या चिन्हाशी ताडून बघा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ते उलटं असू शकतं.

बेल्ट: सगळ्यात जास्त चुका इथे

कॅसेट ‘खाल्ली’ जाते तेव्हा दोष बहुधा कॅसेटचा नसतो. कॅपस्टन आणि पिंच रोलर फीत पुढे ढकलत राहतात, पण बेल्ट सैल पडल्यामुळे ती गुंडाळून घेणारी चकती थांबलेली असते. पुढे आलेल्या फितीला जायला जागा नसते, मग ती रोलरभोवती गुंडाळली जाते. म्हणून कॅसेट घालण्याआधी झाकण उघडं ठेवून प्ले दाबा आणि फीत घेणाऱ्या चकतीवर बोट हलकेच टेकवा. बोटाला ओढ जाणवली पाहिजे आणि बोट काढताच चकती लगेच फिरू लागली पाहिजे. ती थांबून राहिली तर कॅसेट घालू नका.

उघडताना साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर वापरला तर जपानी स्क्रूची खाच घासून गुळगुळीत होते आणि मग स्क्रू निघतच नाही. जेआयएस (जपानी मानक) मापाचा, ० किंवा ०० नंबरचा घ्या. कुठला स्क्रू कुठून निघाला याचा फोटो काढून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. आखूड जागेत लांब स्क्रू गेला तर तो थेट सर्किटला जाऊन टेकतो.

आत बहुतेक वेळा बेल्टचं काळं डांबर झालेलं असतं. ते पुलीवर तसंच ठेवून वरून नवा बेल्ट चढवू नका. चिकटलेल्या थराने पुलीचा घेर वाढतो, वेग बदलतो आणि आवाज लहरतो. लाकडी टूथपिक आणि ९९ टक्के अल्कोहोलने खोबणीचा तळ चकाकेपर्यंत साफ करा. अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. ते डांबर कपड्यांवरूनही जात नाही, तेव्हा खाली जुनं वर्तमानपत्र घाला.

नव्या बेल्टचं माप असं काढा: बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेने शिवणाचा दोरा फिरवा, खूण करा आणि लांबी मोजा. समजा २२० मिलिमीटर आली. त्यातून ५ टक्के वजा केले की २०९ मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास साधारण ६६.५ मिलिमीटर. इथे पुढची फसगत होते. कुणी विक्रेता व्यास लिहितो, कुणी पूर्ण घेर, कुणी बेल्ट चपटा करून मोजलेली लांबी, जी घेराच्या निम्मी असते. विचारल्याशिवाय मागवू नका. चौकोनी बेल्टच्या जागी चपटा चालत नाही. घट्ट बेल्ट जास्त टिकेल ही समजूतही चुकीची. त्याने मोटरवर ताण येतो, वेग मंदावतो आणि बेअरिंग झिजतात. नोटांना लावतात ते रबर तर कामाचंच नाही. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे तानपुरासुद्धा थरथरत ऐकू येतो.

तेल आणि सफाई

घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल सोडलं जातं. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि थंडीत गोठतं. गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेलही नको, ते उडून बेल्टवर बसतं आणि बेल्ट घसरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन कॅपस्टनच्या बेअरिंगला लावा आणि जास्तीचं लगेच पुसा. हेड आणि कॅपस्टन अल्कोहोलने पुसा, काडीवर तपकिरी डाग यायचे थांबेपर्यंत. पिंच रोलर आरशासारखा चकचकीत आणि कडक झाला असेल तर कितीही पुसून पकड येत नाही, तो बदला.

डिमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवणारं उपकरण) वापरताना वॉकमन बंद हवा आणि आसपास कॅसेट नको. उपकरण हातभर लांब धरून चालू करा, हेडजवळ आणा, हळूहळू मीटरभर मागे न्या आणि मगच बंद करा. हेडजवळच बंद केलंत तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं.

वेग आणि दबलेला आवाज

कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. कानाला अंदाज येतो, पण कान फसतातही. वेग ६ टक्के वाढला की अख्खा अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. ३१५० हर्ट्झची चाचणी कॅसेट लावा आणि मोबाइलवरच्या फ्रीक्वेन्सी मोजणाऱ्या अ‍ॅपवर आकडा बघा. ३१२० ते ३१८० च्या आत असेल तर एक टक्क्याच्या आत आहात. बाहेर असेल तर मोटरच्या मागच्या छिद्रातला किंवा बोर्डावरचा छोटा प्रिसेट (वेग जुळवायचा स्क्रू) केसभर फिरवा. बेल्ट आणि रोलर ठीक केल्याशिवाय याला हात लावू नका, नाहीतर घसरणाऱ्या बेल्टची भरपाई मोटरकडून होते आणि नवा बेल्ट टाकला की वेग भलताच निघतो.

आवाज दबका आला की हेड झिजलं असं लगेच ठरवू नका. आधी वॉकमनवरचं डॉल्बीचं (फितीची सरसर कमी करणारं) बटण बंद करा. डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी लावून ऐकली की झांजा-टाळ हरवतात. तरीही दबका असेल तर कॅसेटच्या तोंडाशी, तांब्याच्या पट्टीवर, नमद्याचा छोटा चौकोन आहे का ते बघा. तो गळून पडला की फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. अशा वेळी आतली दोन्ही रिळं उचलून पाच स्क्रूंच्या चांगल्या खोक्यात बसवा. कोपऱ्यातल्या चाकांवरून फीत आधी होती तशीच गेली पाहिजे, आणि दोन्ही बाजूंचे पातळ कागद राहून जाता कामा नयेत. दुसऱ्या खोक्यातही आवाज दबकाच राहिला तर मगच हेडच्या बाजूचा, हेडचा कोन बदलणारा स्प्रिंगवाला स्क्रू. आधी त्याच्या जागेची मार्करने खूण करा, चुंबक नसलेला स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टाळांचा आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथे थांबा. घरी भरलेली कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या हेडच्या कोनात असते, म्हणून त्या कॅसेटपुरता स्क्रू फिरवून काम झाल्यावर खुणेवर परत आणणं हेच योग्य.

रेकॉर्डरची लाल कळ

रेकॉर्डिंग होतं का हे जपायच्या कॅसेटवर कधीही तपासू नका. स्वस्त रेकॉर्डरमध्ये पुसणारं हेड म्हणजे साधं चुंबक असतं; ते आवाज कायमचा पुसतं. जी बाजू जपायची ती आपल्याकडे, फितीचं तोंड खाली. मग वरच्या कडेची डावीकडची खिट्टी त्या बाजूची. ती तोडा, म्हणजे त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही. मायक्रोकॅसेटवर (बोलणं भरायच्या रेकॉर्डरमधली छोटी कॅसेट) सेकंदाला २.४ आणि १.२ सेंटिमीटर असे दोन वेग असतात. बोलणं राक्षसी संथ किंवा चिवचिवाटासारखं आलं तर आधी तो खटका बदलून बघा.

मिनीडिस्कमध्ये (सोनीची, प्लास्टिकच्या खोक्यातली छोटी डिस्क) धोका वेगळा. डिस्कवर काय कुठे आहे याची यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. तेवढ्यात सेल काढला तर भरलेलं सगळं हातचं जातं. पडद्यावरची सूचना जाईपर्यंत थांबा. सोनीने कोऱ्या मिनीडिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं, तेव्हा असलेल्या डिस्का जपून वापरा.

संगणकावर उतरवताना

आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा, फीत सारखी बसते. वॉकमन सेलवर चालवा, अ‍ॅडॉप्टरची घरघर टळते. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच चॅनेलचं असतं, म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढणं वगैरे नंतर, आणि तेही प्रतीवर. थेट एमपी३ करून देणारे स्वस्त नवे प्लेअर या कामाला घेऊ नका, त्यांचा वेग स्थिर राहत नाही.

पावसाळा आणि साठवण

कोकणात आणि मुंबईत कॅसेटचा मोठा शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडांवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नका. बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलसोबत पूर्ण सुकू द्या, मग तोंडाला मास्क लावून, खोकं उघडून कोरड्या मऊ कापडाने कडा पुसा. वाजवायची ती कमी मोलाच्या यंत्रात, आणि दर कॅसेटनंतर हेड साफ करून. ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय काही जुन्या चिकट रिळांसाठी आहे, बुरशीसाठी नाही.

कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीनची कव्हरं मऊ पडून चिकटतात. कॅसेट उभ्या ठेवा, फीत एका टोकापर्यंत गुंडाळलेली. वॉकमन ठेवताना सेल काढा आणि प्लेची कळ दाबलेली राहिली नाही ना हे बघा, कारण कॅपस्टनला टेकून राहिलेल्या रोलरला खळगा पडतो आणि मग दर फेरीला आवाज हेलकावतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा टाकाऊ कॅसेटची एक बाजू पूर्ण वाजवा.