‘अनप्रव्होक्ड’ म्हणजे नुसतं ‘विनाकारण’ नव्हे: या चुका टाळा

सीताबर्डीला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवते. परवा उताऱ्यात ‘अनप्रव्होक्ड अटॅक’ आलं. अर्थ विचारला, तर वर्गभर एकच उत्तर: विनाकारण हल्ला. तेवढ्यात उमरेडहून रोज येणारा एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, चोरानं म्हातारीची पोत ओढली अन् तिले ढकललं. त्याले सोनं पायजे होतं, म्हणजे कारण तर होतं न? मग हे अनप्रव्होक्ड नाही का?’’

आहे, शंभर टक्के आहे. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे हा शब्द विचारतच नाही. मार खाणाऱ्यानं आधी काही आगळीक केली होती का, एवढंच तो पाहतो. म्हातारीनं चोराची कळ काढली नव्हती, विषय संपला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुढे बोलावणे’, म्हणजे ललकारणे. कोणी ललकारलं नसताना झालेला हल्ला तो अनप्रव्होक्ड. गल्लीत मार खाऊन आलेलं पोर आईला सांगतं, ‘मी त्याले काहीच नाही म्हटलं, त्यानंच मले मारलं.’ हाच नेमका अर्थ. मराठीत लिहायचं तर ‘कुरापत काढली नसताना’ लिहा. ‘अप्रक्षोभित’ कृपा करून लिहू नका, तसं कोणी बोलत नाही.

फ्लोरिडात शार्कच्या हल्ल्यांची जगभरची नोंद ठेवतात. नुसत्या पोहणाऱ्या माणसाला शार्क चावला, तर नोंद अनप्रव्होक्ड. पाणबुड्यानं त्याला हात लावला किंवा खाऊ घालायला गेला, तर प्रव्होक्ड. शार्क भुकेला होता का, हा प्रश्नच नाही.

दुसरी चूक जरा खोल आहे. हा शब्द वापरणारा एक बाजू घेत असतो. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावरच्या हल्ल्यानंतर 8 डिसेंबर 1941 ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानच्या हल्ल्याला अनप्रव्होक्ड म्हटलं. त्याच वर्षी अमेरिकेनं जपानचं तेल तोडलं होतं, आणि जपानच्या लेखी ती कुरापतच होती. सीमेवर गोळीबार झाला की दोन्हीकडचे हाच शब्द वापरतात, तो यामुळेच. म्हणून सारांश लिहिताना उताऱ्यात तसं म्हटलं असेल तरच वापरा, स्वतःहून चिकटवू नका.

माणसाला हे विशेषण लावू नका. भांडखोर माणसाला ‘अनप्रव्होक्ड मॅन’ लिहिलेलं मी दर बॅचला खोडते. हल्ला, मारहाण, गोळीबार, शिवीगाळ यांच्या आधी ते शोभतं. त्याला जोडून पुन्हा ‘विदाउट एनी रीझन’ लिहायचीही गरज नाही.

आधी ‘अ’ नाही, ‘अ‍ॅन’ येतं. शेवटच्या ‘डी’चा उच्चार ‘ट’ होतो. नाम लिहिताना ‘के’ जाऊन ‘सी’ येतो. ‘प्रोव्होकेशन’मध्ये ‘के’ लिहिला की गुण गेला. कायद्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी हे नाम घोटून ठेवावं. भारतीय दंड संहितेतल्या खुनाच्या कलम 300 चा पहिलाच अपवाद ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’चा, म्हणजे गंभीर आणि अचानक चिथावणीचा होता.

उमरेडच्या मुलानं त्याच दिवशी वहीत म्हातारीचं वाक्य इंग्रजीत लिहून दाखवलं. ‘अ‍ॅन अनप्रव्होक्ड असॉल्ट ऑन अ‍ॅन ओल्ड वुमन.’ दोन्ही ‘अ‍ॅन’ बरोबर होते.