नवतप्यात तगलेले कॅक्टस मृगात गमावू नका

नवतपा, म्हणजे मेअखेरचे प्रखर उन्हाचे नऊ दिवस, सरत आला आणि तुमचे कॅक्टस धडधाकट आहेत, तर खरी काळजी आता घ्यायची आहे. नागपूरच्या उन्हाने कॅक्टस भाजतो, अंगावर पांढुरके डाग पडतात, पण सहसा जगतो. मरतो तो पावसाळ्यात, मुळाकडून सडून. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गोल्डन बॅरल, मॅमिलेरिया मेक्सिकोच्या ज्या कोरड्या मुलखातले आहेत, तिथे इतकी सततची ओल त्यांना कधीच सोसावी लागत नाही.

म्हणून मृगाच्या सरींआधी छप्पर करून घ्या. सांगाड्यावर 200 मायक्रॉनचे यूव्ही पॉलिथिन ताणून बसवा, चारही बाजू उघड्या ठेवा. वारा खेळला नाही तर छपराखालीही बुरशी येते. एप्रिल-मेसाठी लावलेली 50 टक्के सावली देणारी हिरवी नेट मात्र ढग स्थिरावले की काढा. ढगाळ हवेत वरून नेटही राहिली तर गोल कॅक्टस उजेडासाठी ताणून निमुळता होतो आणि तो बिघडलेला आकार पुन्हा भरून येत नाही.

कुंडीत काळी माती अजिबात नको. संत्र्याच्या बागेतली चांगली माती म्हणून अनेक जण तीच भरतात. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की आवळून मुळे तोडते. चाळून धुतलेली जाड रेती दोन भाग, मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे एक भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत एक भाग, एवढे पुरते. कुंडी बदलायची असेल तर आताच बदला, पण नंतर आठवडाभर पाणी देऊ नका. तुटलेली मुळे आधी सुकू द्या.

पाण्याचेही तसेच. कॅक्टस आपली रंध्रे, म्हणजे सालीवरची सूक्ष्म छिद्रे, रात्री उघडतो. रात्रीसुद्धा पारा 30 अंशांच्या खाली येत नसेल तर त्याची वाढ थबकते आणि दिलेले पाणी मुळाशी नुसते पडून राहते. अशा दिवसांत पाणी थोडे आणि संध्याकाळीच. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कधीही टाकू नका, त्यात क्षार साचलेले असतात. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. त्यासाठी पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा.

संग्रह वाढवायचा तर काट्यांकडे नीट पाहून निवड करा, कारण फूल काही दिवसांचे आणि काटा बारमाही. फेरोकॅक्टसचा जाड, आकडीदार, लालसर काटा, मॅमिलेरिया प्लुमोसाचे पिसासारखे मऊ काटे, टेफ्रोकॅक्टसच्या कागदी पट्ट्या, आणि काटाच नसलेला ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास: ही चार शेजारी ठेवली तरी बघणारा थांबतो. काट्याला गडद रंग येतो तो भरपूर उजेडात. फुलांसाठी नवख्यांनी जिम्नोकॅलिशियमपासून सुरुवात करावी. ते लहान वयात फुलते आणि थोडी सावलीही चालवून घेते. एकिनॉप्सिसचे लांब देठाचे पांढरे फूल रात्री उमलते, त्यासाठी जागावे लागले तरी जागा. मॅमिलेरियाच्या डोक्याभोवती फुलांचे कडे हवे असेल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद करा. आपली थंडी कळ्या धरायला फार उपयोगी आहे. मात्र 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता. तशा रात्री मेलोकॅक्टस आणि लाल-पिवळे कलमी मून कॅक्टस घरात घ्यावेत.

खरेदी करताना फूल हलक्या बोटाने हलवून पाहा. गोंदाने चिकटवलेली रंगीत वाळकी फुले बाजारात सर्रास दिसतात. रंगवलेले काटे आणि बुडाशी मऊ लागणारे रोपही परत ठेवा. रानातून उपटलेली झाडे ऑनलाइन विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका. जवळपास सर्वच कॅक्टसचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराखाली येतो आणि गोल्डन बॅरलसारखी जात तिच्या मूळ जागी संकटात आहे.

ज्यांच्याकडे ड्रॅगन फ्रूटची लागवड आहे, त्यांनी छाटणीचे निरोगी तुकडे फेकू नयेत. 10-15 सेंटिमीटरचे तुकडे सुकवून रुजवले की त्यावर पावसाळ्याच्या उबदार दिवसांत कॅक्टसची कलमे बांधता येतात. खालचा रुजलेला तुकडा म्हणजे खुंट; तो जोमात असतो, जोड लवकर धरतो. ब्लेड प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा आणि जोडावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका.

जुलैपासून दर आठवड्याला काट्यांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण शोधा. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. मुळांवर पांढरा कापूस दिसला तर रोप धुऊन, सुकवून नव्या मिश्रणात लावा, जुने मिश्रण बाहेर टाका. सडलेला भाग स्वच्छ, हिरवा गर दिसेपर्यंत कापा, कापावर गंधकाची पूड लावा आणि रोप सावलीत सुकू द्या. बाकीच्यांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा.

ऑक्टोबरच्या उन्हात पॉलिथिन काढाल तेव्हा नेट आठ-दहा दिवस पुन्हा चढवा. चार महिने ढगाखाली राहिलेली साल एका दुपारीत भाजते.