अणुचाचणीची बातमी आली की मित्राकडे बघा

मी भगूरला राहते. देवळालीच्या तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. तोफा आपल्याच, म्हणून कोणी दचकत नाही. नाशिकरोडच्या अभ्यासिकेत पोरांना अणुचाचण्या शिकवताना मी इथूनच सुरुवात करते: शेजाऱ्याने न विचारता बार उडवला आणि भांडी आपली वाजली, तर?

मग चाचणी करणाऱ्या देशाचा मित्र काय करतो, ते तपासायचं. पहिलं काम तारखेचं. 3 सप्टेंबर 2017 ला उत्तर कोरियाने सहावी चाचणी केली. हादरे पार चीनच्या यानजी शहरात जाणवले. आणि त्याच दिवशी शियामेनला शी जिनपिंग यांच्याकडे ब्रिक्स या देशगटाचे पाहुणे जमलेले! म्हणून मित्राच्या, इथे चीनच्या, घरी त्या दिवशी काय कार्य होतं, ते आधी शोधा.

मग वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे करार: 1961, चीन आणि उत्तर कोरिया, एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लष्करी मदत करायची. उजवीकडे मतदान: 9 ऑक्टोबर 2006 ला पहिली चाचणी, 14 ला सुरक्षा परिषदेत निर्बंधांचा ठराव 1718 एकमताने मंजूर. म्हणजे चीनचाही हात वर. पोरं ‘मित्रराष्ट्र’ एवढंच लिहून मोकळी होतात. मी त्या शब्दाला लाल गोल करते.

हात वर करायला पैसे पडत नाहीत, म्हणून व्यापारही बघायचा. फेब्रुवारी 2017 मध्ये चीनने उरलेल्या वर्षापुरता उत्तर कोरियाचा कोळसा घेणं थांबवलं. करार मात्र मोडला नाही. तिथलं सरकार कोसळलं तर निर्वासितांचे लोंढे यालू नदी ओलांडून येणार आणि अमेरिकी फौज दाराशी, ही चीनची खरी धास्ती.

तिसरा शेजारी विसरू नका. दक्षिण कोरियाने अमेरिकेची ‘थाड’ क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवून घेतली. तिचं रडार आपल्या हद्दीत डोकावतं म्हणून चीन बिथरला आणि त्याने तिकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या सहली बंद केल्या. बॉम्ब उत्तरेचा, भुर्दंड दक्षिणेला.

सरावाला चीनचंच उदाहरण देते. जून 1959 मध्ये त्याच्या मित्राने, सोव्हिएत संघाने, बॉम्बचा नमुना द्यायला नकार दिला. चीनने आपल्या बॉम्बला नाव दिलं ‘596’, साल आणि महिना! चाचणी झाली 16 ऑक्टोबर 1964 ला. परवा एका मुलीने पहिली पायरी लावली: तेव्हा मॉस्कोत काय चाललं होतं? दोनच दिवस आधी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची खुर्ची गेली होती.