काळ्या रानात जुनी नाणी शोधायची तर मशीन आधी मातीशी जुळवा

मेटल डिटेक्टर आणल्यावर पहिला आठवडा मी सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडं चुलत्यांच्या रानात नुसती ढेकळं उकरली, प्रत्येक फुटावर आवाज आणि खाली काहीच नाही. कारण नंतर कळलं. आपली काळी माती काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि मशीन त्यांनाच धातू समजतं. म्हणून रानात उतरलं की पहिलं काम ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवणं. जिथं खाली काही नाही अशा जागी कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल तबकडी, मातीपासून वीतभर वर-खाली करत राहायचं, आवाज एकसारखा होईपर्यंत. तरीपण बडबड करत असेल तर सेन्सिटिव्हिटी सरळ कमी करा. खोली थोडी कमी मिळते पण आवाज खरे येतात, आणि तसंही सुटं नाणं वीतभर खोलीच्या आतच सापडतं.

रान कधी धरायचं? उसाचा खोडवा निघून नांगरट झालेली आणि पाऊस पडून वापसा आलेला (माती ना चिखल ना कोरडी) असला की उत्तम, ओलीत सिग्नल चांगला लागतो. उभ्या हळदीत किंवा उसात जाऊ नका, मालकाचं नुकसान होतं. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटं वर, हळूहळू फिरवा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या.

आवाज आला की लगेच खुरपं चालवायचं नाही. नव्वद अंशात वळून परत फिरवा, दोन्हीकडनं तोच स्वच्छ वरचा सूर आला तर तांबं किंवा चांदी असण्याची शक्यता. तुटक चिरका आला तर बहुतेक गंजका खिळा, नांगराचा तुकडा नाहीतर बैलाची पत्री. गुटख्याच्या पुड्या आणि औषधाच्या बाटल्यांची झाकणं मात्र भल्याभल्यांना फसवतात, त्याला इलाज नाही, उकरायचंच.

जागा विचाराल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. जुनी पाऊलवाट कुठनं जायची, यात्रा कुठं भरायची, बैलगाड्या कुठं सुटायच्या. पूर्वी गावठाणातली पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, माती खत म्हणून रानात टाकायचे, तिच्याबरोबर नाणीपण यायची. पण खुद्द पांढरीच्या टेकाडावर खणू नका, तिथं जुन्या वस्तीचे थर असतात आणि एकदा उलटे-पालटे झाले की कुणालाच वाचता येत नाहीत. किल्ला किंवा संरक्षित देवळाच्या आसपास मशीन नेऊच नका.

जास्त करून १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा किंवा ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा निघतो. नशीब असलं तर शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवराई पेशवाईतही चालत होती, तेव्हा सापडली म्हणजे ती थेट महाराजांच्या काळातलीच असं लगेच धरू नका.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, राख लावून घासू नका! आमच्या आज्जीनं माझं पहिलं नाणं चिंचेनं लख्ख केलं, अक्षरं निम्मी गेली, मला अजून वाईट वाटतं. नुसत्या साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं माती काढा, हिरवा थर तसाच ठेवा.

मालकाची परवानगी लागतेच, आणि १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांचा धंदा लायसनशिवाय करता येत नाही, बाहेरच्या देशात पाठवणं तर बंदच.

प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात ठेवून वर गट नंबर, तारीख, खोली, कुठल्या बांधापासून किती पावलं ते लिहा, कारण जागा हरवली की नाण्याची निम्मी माहिती गेली. आणि एकाच जागी तीन-चार नाणी किंवा मडक्याची खापरी लागली तर खुरपं खाली ठेवा, फोटो काढा, माती परत झाका आणि तलाठ्याला नाहीतर पोलीस पाटलाला बोलवा.