फोटो बिघडला? नवा कॅमेरा घेण्याआधी या चुका तपासा

फोटो मनासारखा आला नाही की पहिला विचार येतो नव्या कॅमेऱ्याचा. लाखभर रुपये मोडतात आणि पुढच्या जत्रेतही फोटो तसेच येतात, कारण चूक भलतीकडेच असते. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे आपलं कोल्हापूर. त्यांची नजर मात्र त्याआधीच चित्रकलेत तयार झाली होती. म्हणून आधी बिघडलेला फोटो नीट वाचायला शिका.

सगळ्या पुसटपणाला एकच कारण समजणं

तालमीतला फोटो घ्या. तांबडी माती, उंचावरच्या खिडकीतून येणारा थोडा उजेड आणि दोन पैलवानांची झटापट. स्क्रीनवर मोठा करून पाहा. मागची भिंत स्पष्ट आणि पैलवानांचे हातपाय तेवढे ओढल्यासारखे दिसत असतील, तर शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, संथ पडलं. भिंतीसकट सगळंच एका दिशेला ओढलं गेलं असेल, तर तुमचा हात हलला. पैलवान मऊसर आणि मागचे बघे स्पष्ट असतील, तर फोकस मागे गेला.

पहिल्या चुकीवर उपाय म्हणजे १/५०० सेकंदाच्या आसपास शटर. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी करा. फोटोत दाणे येतील, पण दाणेदार फोटो चालतो. पुसट झालेला डाव नंतर सुधारत नाही. हात हलत असेल तर ५० एमएमच्या लेन्सला १/५० पेक्षा संथ शटर नको, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तर १/८० धरा. फोकससाठी एकच पॉइंट निवडून तो चेहऱ्यावर ठेवा.

आणि कुस्ती बघा. ढाक किंवा कलाजंग हे डाव लागण्याआधी पकड बदलते. ते ज्याला कळतं तो क्षणभर आधी तयार असतो. खासबाग कुस्ती मैदानात कडेला बसून चार कुस्त्या नुसत्या पाहणं हासुद्धा फोटोग्राफीचा सराव आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा.

मीटरवर डोळे झाकून विश्वास

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं. म्हणून पावसाळ्यात पन्हाळ्यावरचं पांढरं धुकं फोटोत मळकट दिसतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) +१ करा. रंकाळा तलावावरच्या सूर्यास्ताला उलट. तिथं -१ केलं की आकाशाचा रंग टिकतो.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचा नुसता गुलाबी डाग दिसतो, तोही बहुतेकदा याच कारणाने. लाल चॅनल आधीच भरून जातो. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) लावा आणि लाल उजव्या टोकाला आपटत असेल तर एक्स्पोजर कमी करा. गुलाल उधळत असताना लेन्स मात्र अजिबात बदलू नका.

चुकीची वेळ, चुकीचा फ्लॅश

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पहाटे दिवे लागतात. मिट्ट काळोखात काढलेल्या फोटोत घाट दिसतच नाही, फक्त ठिपके उरतात. सूर्योदयाआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात आकाश निळं होतं आणि दिव्यांचा पिवळा उजेड त्याला तोलून धरतो. ट्रायपॉड लावून तेवढ्यासाठी थांबा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तीन-चार मीटरच पोचतो आणि जवळच्या दिव्यांची ऊब घालवतो. तो बंद ठेवा.

मोबाइल असेल तर आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. दिव्यांभोवती धुरकट वलय येण्याचं कारण बऱ्याचदा तिथला बोटाचा तेलकट ठसा असतो.

मग साधन कधी बदलायचं?

साधनाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. वरचं सगळं करूनही तालमीत उजेड अपुरा पडत असेल, तर अडचण खरंच साधनाची आहे. पण तिथंही बॉडीआधी लेन्स बदला. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स पूर्ण झूमवर साधारण एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान, तर लेन्सचं तोंड मोठं). ५० एमएम एफ/१.८ तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, आणि ती स्वस्तातल्या लेन्समध्ये मोडते. दाजीपूरच्या जंगलात लांब उभ्या गव्याचा फोटो हवा असेल, तर ३०० एमएम किंवा त्याहून लांब लेन्सला पर्याय नाही. ती आधी भाड्याने घेऊन एक फेरी करा. तिचं वजन हातात धरून पहाटेच्या कमी उजेडात शटर किती मिळतं ते बघा, आणि मगच विकत घेण्याचं ठरवा.