वर्गात रोजचं मूल्यमापन कसं करावं: आधी चूक वाचा, मग गुण द्या

महाराष्ट्रातल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 च्या शासन निर्णयाने आलं. त्यात पहिली-दुसरीला 100 पैकी 70 गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिकवता शिकवता चालणाऱ्या पारखेचे, तिसरी-चौथीला 60. म्हणजे निम्म्याहून जास्त पारख रोजच्या तासाला व्हावी, ही अपेक्षा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सत्र संपताना एका बैठकीत नोंदवह्या भरल्या जातात. ऑगस्टमध्ये अडलेलं मूल मग दिवाळीपर्यंत अडलेलंच राहतं. हे काम चालू तासातच कसं करता येतं, ते तिसरीच्या गणिताचं उदाहरण घेऊन सांगते.

1. तासापुरतं एकच उद्दिष्ट ठरवा

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते) छापलेल्या असतात, पण त्या एका तासात मावत नाहीत. त्यातला छोटा तुकडा घ्या: ‘आज मुलांना दशक सुटा करून दोन अंकी वजाबाकी यावी.’ काय पाहायचं हे ठरलेलं नसेल, तर वर्गभर फिरूनही हाती काही लागत नाही.

2. चूक बोलकी होईल असं उदाहरण काढा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. 58 − 23 दिलंत तर हातच्याचा प्रश्नच येत नाही आणि बहुतेकांचं उत्तर बरोबर येतं. 52 − 27 द्या. बरोबर उत्तर 25, पण काही पाट्यांवर 35 दिसेल. एखाद्याने एककात उलटं करून 7 मधून 2 काढलेले असतात. दुसऱ्याने दशक सुटा करून 12 मधून 7 नीट काढले, पण 5 दशकांचे 4 करायला तो विसरला. उत्तर एकच, अडचणी दोन. नुसती फुली मारली तर दोघं सारखेच ठरतात.

आता 53 − 27 देऊन पाहा. बरोबर उत्तर 26. उलटी वजाबाकी करणाऱ्याचं 34 येईल आणि दशक कमी करायला विसरणाऱ्याचं 36. एककातल्या अंकांमधला फरक 5 असला की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन पडतात, म्हणून तो टाळायचा. उदाहरण निवडताना घातलेली दोन मिनिटं नंतर तपासणीचा अर्धा तास वाचवतात.

3. पाट्या एकदम वर करायला सांगा

‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो बाई’ म्हणतो. त्याऐवजी सगळ्यांना पाटीवर सोडवू द्या आणि ‘पाट्या वर’ म्हटल्यावरच दाखवायला सांगा. एका नजरेत 26 वाले किती, 34 वाले किती, ते कळतं. कुणाला रागावू नका आणि या कामाला गुणही देऊ नका. गुण आले की मुलं शेजारच्या पाटीत डोकावतात.

4. ‘कसं केलंस?’ विचारा आणि थांबा

हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारायचा, नाहीतर ‘बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं’ असं मुलं धरून चालतात. विचारल्यावर निदान तीन सेकंद गप्प राहा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला 1970 च्या दशकात असं दिसलं होतं, की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलं अधिक लांब उत्तरं देतात.

मूल बोलेना तर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवा. गठ्ठा सोडून बरोबर वजाबाकी करणारं मूल कागदावर अडत असेल, तर त्याला कल्पना कळली आहे, मांडणी राहिली आहे.

5. त्याच दिवशी दोन ओळी लिहा

रोज पाच-सहा मुलं पुरेत. ‘गणितात सुधारणा आवश्यक’ असं लिहू नका. ‘काड्यांनी जमतं; कागदावर दशक कमी करायला विसरते’ असं, तारखेसह लिहा. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या सर्रास फिरतात. त्यांतली वाक्यं उतरवली की नोंदवही भरते, पण पालकसभेत आईने ‘नेमकं काय येत नाही?’ विचारलं तर सांगायला आपल्याजवळ काही नसतं.

6. विषय बघून साधन बदला

शासनाने आठ साधन-तंत्रं दिली आहेत: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. वाचन पाहायचं तर शिकवून झालेल्या पाठाबरोबर न पाहिलेला उताराही द्या, कारण पहिला बऱ्याच मुलांना पाठ असतो. प्रकल्प वर्गातच करून घ्या, घरी दिलेला बहुधा पालक करतात.

पुस्तकासह चाचणी फार कमी घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं. पुस्तक उघडं असलं की ‘रायगड ही राजधानी कोणी केली?’ विचारण्यात अर्थ उरत नाही. ‘राजधानीसाठी डोंगरी किल्लाच का निवडला असेल?’ असं विचारावं लागतं आणि मूल माहिती कशी जोडतं ते दिसतं.

7. दुसऱ्या दिवशीचा तास बदला

34 वाल्यांना काड्यांचे गठ्ठे द्या. 36 वाल्यांकडून दशक खोडून त्यावर नवा अंक लिहायचा सराव करून घ्या. 26 वाल्यांना किराणा दुकानातलं शाब्दिक उदाहरण तयार करू द्या. तीन-चार दिवसांनी सगळ्यांना 82 − 36 द्या: उलटं करणाऱ्याचं 54 येईल, दशक विसरणाऱ्याचं 56, बरोबर उत्तर 46. जुनी नोंद खोडू नका, तिच्याखालीच नवी तारीख घालून आज काय दिसलं ते लिहा.